दार उघडं असताना माणसं बाहेर का पडत नाहीत?
मध्यमवर्गावर टीका करणारे चित्रपट आणि त्यांच्यामागचं तत्त्वज्ञान

एका आलिशान बंगल्यात ऑपेरा पाहून आलेले पाहुणे जेवण आटोपून दिवाणखान्यात बसले आहेत. पियानो वाजवून झाला, गप्पा संपल्या, पहाट व्हायला आली. पण कोणी उठत नाही. दाराला कुलूप नाही, पहारा नाही. उंबऱ्यापर्यंत गेलेला माणूस काहीतरी निमित्त काढून परत फिरतो. मग दिवसामागून दिवस जातात. पाण्यासाठी भिंत फोडून आतला पाइप उघडावा लागतो. घरात शिरलेल्या मेंढ्या मारून खाव्या लागतात. बंगल्याबाहेर पोलिस आणि बघे जमतात, पण त्यांनाही आत पाऊल टाकवत नाही.

लुइस बुन्युएल या स्पॅनिश दिग्दर्शकाने १९६२ मध्ये मेक्सिकोत केलेला हा 'द एक्स्टर्मिनेटिंग एंजल'. असा चित्रपट पहिल्यांदा पाहिल्यावर प्रश्न ठरलेला असतो: "पण अडवलं कोणी?" २०२० मध्ये 'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटाला ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, इंग्रजीत नसलेल्या चित्रपटाला पहिल्यांदाच. त्यानंतर या जातकुळीचे जुने चित्रपट शोधून पाहणारे वाढले, आणि बुचकळ्यात पडणारेही. त्यांच्यासाठी हा लेख. अडवलं कोणी, या प्रश्नाला त्या चित्रपटात उत्तर नाही. पण न अडवता माणसं कशी अडतात, हे त्यात बारकाईने दाखवलंय, आणि या जातीच्या बहुतेक चित्रपटांना तेच दाखवायचं असतं.

बूर्झ्वा म्हणजे आपला मध्यमवर्ग का?

या चित्रपटांबद्दल वाचताना 'बूर्झ्वा' हा शब्द टाळता येत नाही, म्हणून तो एकदाच नीट पाहू. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ साधा आहे: तटबंदीच्या गावात राहणारा. जमीनदार नाही, शेतमजूरही नाही, तर मधला व्यापारी, कारागीर, वकील. पुढे मार्क्सने तो कारखान्यांच्या आणि भांडवलाच्या मालकांसाठी वापरला. चित्रपटांत मात्र तो सैलपणे येतो: ज्याला उद्याच्या जेवणाची चिंता नाही, पण आपल्या प्रतिष्ठेची आहे, असा माणूस. त्यात कारखानदार आहे, राजदूत आहे, तसा भाड्याच्या घरात राहणारा नोकरदारही आहे. मराठीतला 'पांढरपेशा' हा शब्द पगाराच्या दृष्टीने नाही, पण वृत्तीच्या दृष्टीने याच्या बराच जवळ जातो.

रोलाँ बार्थ या फ्रेंच टीकाकाराने १९५७ मध्ये या वर्गाची एक खोड दाखवून दिली. हा वर्ग स्वतःचं नाव घेत नाही. सरदार म्हणतो 'मी सरदार', कामगार म्हणतो 'मी कामगार'. हा मात्र म्हणतो 'मी साधा माणूस'. त्याच्या सवयी 'एका वर्गाच्या सवयी' म्हणून ओळखल्याच जात नाहीत. त्यांना रीत म्हणतात, संस्कार म्हणतात, फार तर 'असंच असतं' म्हणतात. या चित्रपटांचं पहिलं काम म्हणजे त्या 'असंच असतं'कडे बोट दाखवणं.

'लोक काय म्हणतील' यातले लोक कोण?

आता पुन्हा त्या दिवाणखान्यात जाऊ. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरने १९२७ मध्ये एक गोष्ट मांडली, ती मराठी माणसाला फारशी समजावून सांगावी लागत नाही. आपण हसतो ते 'लोक' हसतात तिथे, चिडतो ते 'लोक' चिडतात तिथे. या लोकांमध्ये बोट दाखवावं असा एकही माणूस नसतो. 'लोक काय म्हणतील' म्हणणाऱ्याला त्या लोकांची नावं विचारा, यादी होत नाही. तरीही निर्णय तेच घेतात.

बुन्युएलचे पाहुणे याच लोकांचे कैदी आहेत. कोणीच निघत नाही, तर आपण आधी कसं निघायचं? यजमानाला वाटतं, 'आता उठा' असं कसं म्हणायचं? पुरुष कोट काढून पसरू लागतात तेव्हा यजमान मनातून चरकतो, आणि पाहुण्यांना ओशाळं वाटू नये म्हणून स्वतःचाही कोट उतरवतो. चित्रपटातली ही सर्वांत महत्त्वाची हालचाल आहे, आणि ती दोन सेकंदांत निसटते. प्रत्येक जण दुसऱ्याची लाज राखतो आहे, आणि त्या राखण्यातूनच तुरुंग बांधला जातो आहे. उपाशी राहिल्यावर हीच माणसं एकमेकांवर धावून जातात, हे पुढचं. ते बहुतेकांच्या लक्षात राहतं. कोटाचं राहत नाही.

आणखी दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पाहुणे बंगल्यात शिरण्याचा प्रसंग चित्रपटात दोनदा येतो. ती संकलनातली चूक नाही. रोजची वागणूक म्हणजे पुनरावृत्ती, हे तिथे डोळ्यांना सांगितलं जातं. आणि जेवणाआधीच घरातले बहुतेक नोकर काही ना काही सबब सांगून बाहेर पडलेले असतात. दार त्यांना नडत नाही, मालकांना नडतं. सुटकाही अशीच होते. एका पाहुणीच्या लक्षात येतं की सगळे फिरत फिरत पहिल्या रात्रीच्याच जागांवर आले आहेत. मग ती तोच पियानो, तीच वाक्यं पुन्हा करायला लावते आणि या वेळी निरोपाचे शब्द खरोखर बोलले जातात. सवयीतून सुटायचं तर आधी ती सवय आहे हे दिसावं लागतं.

स्वतःशी खोटं बोलणं इतकं सोपं नसतं

दुसरी कल्पना फ्रेंच तत्त्वज्ञ झाँ-पॉल सार्त्रची, १९४३ मधली. मराठीत तिला 'आत्मवंचना' म्हणतात. दुसऱ्याला फसवताना फसवणारा एक आणि फसणारा दुसरा असतो. आत्मवंचनेत दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे येतात. जे लपवायचं ते आधी नीट माहीत असावं लागतं, नाहीतर लपवणार काय? म्हणून हे काम एकदा करून संपत नाही, रोज करावं लागतं. दुखरा दात चुकवून जेवणाऱ्या माणसासारखं: दात नेमका कुठे आहे, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

ऑस्ट्रियन दिग्दर्शक मिखाएल हानेकेचा 'काशे' (२००५) हा या कल्पनेचा जवळजवळ प्रयोगशाळेतला नमुना आहे. जॉर्ज हा टीव्हीवर पुस्तकांचा कार्यक्रम करणारा सुशिक्षित पॅरिसकर. त्याच्या घरी कोणीतरी व्हिडिओ कॅसेट पाठवतं. तिच्यात त्याच्याच घराचं तासन् तास केलेलं चित्रण. धमकी नाही, मागणी नाही. हळूहळू उलगडतं ते असं. त्याच्या आईवडिलांकडे कामाला असलेलं अल्जीरियन जोडपं १७ ऑक्टोबर १९६१ च्या रात्रीनंतर परतलंच नाही. त्या रात्री पॅरिसमध्ये पोलिसांनी अल्जीरियन निदर्शकांची हत्या केली होती. त्यांचा अनाथ मुलगा दत्तक घ्यायचं ठरत असताना सहा वर्षांच्या जॉर्जने खोटं सांगून त्याला घरातून घालवलं.

सहा वर्षांच्या मुलाला गुन्हेगार ठरवायचं का? नाही, आणि हानेकेही ठरवत नाही. त्याची नजर मोठ्या जॉर्जवर आहे. तो बायकोशी खोटं बोलतो, आईशी बोलताना विषय टाळतो, आणि तो मुलगा म्हातारपणाकडे झुकलेला माणूस म्हणून समोर येतो तेव्हा त्यालाच धमकावतो. प्रत्येक वेळी त्याच्याकडे पटण्यासारखं कारण असतं. फ्रान्सने ती रात्र कित्येक वर्षं कशी बाजूला सारली, हे वेगळं सांगायची मग गरज उरत नाही.

मृणाल सेन यांचा 'खारिज' (१९८२) याच्या शेजारी ठेवून पाहावा. कोलकात्यातल्या एका नोकरदार जोडप्याच्या घरी कामाला असलेला पालन नावाचा मुलगा थंडीमुळे स्वयंपाकघरात दार लावून झोपतो आणि चुलीच्या विषारी वायूने मरतो. जोडपं दुष्ट नाही. पण मरणाची बातमी पचायच्या आत प्रश्न सुरू होतात: पोलिस काय विचारतील, शेजारी काय म्हणतील, खोलीला झरोका नव्हता ती चूक घरमालकाची की आपली? शेवटी मुलाचा बाप निरोप घ्यायला येतो. आता तो हात उगारणार, असं मालकाला वाटतं, आपल्यालाही वाटतं. तो नमस्कार करतो आणि जातो. थप्पड बसली असती तर हिशेब मिटला असता. माझ्या मते या साऱ्या चित्रपटांत याहून कठोर शेवट क्वचितच सापडेल.

अभिरुचीचं कुंपण

बुन्युएलच्याच 'द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी' (१९७२) मध्ये सहा जणांना एकत्र जेवायचं असतं आणि दर वेळी काहीतरी आडवं येतं. एका प्रसंगात ड्राय मार्टिनी कशी करावी, कशी घ्यावी, यावर प्रवचन होतं. मग दाखला म्हणून ड्रायव्हरला आत बोलावून एक प्याला दिला जातो. तो आभार मानून एका घोटात रिकामा करतो आणि जातो. हे बघा, मार्टिनी अशी घ्यायची नसते! बिचाऱ्याचं शिक्षण नाही, असं वर समजूतदारपणे म्हटलं जातं. हे म्हणणाऱ्यांचा धंदा, जाता जाता सांगायचं तर, राजदूताच्या टपाल-पिशवीतून कोकेन आणण्याचा आहे.

समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय यांनी हेच आकडेवारीने मांडलं. १९६३ आणि १९६७-६८ मध्ये फ्रान्समधल्या १,२१७ लोकांना त्यांनी संगीत, चित्रं, सजावट, खाणं याबद्दल प्रश्न विचारले. त्यावरचा ग्रंथ १९७९ मध्ये आला. निष्कर्ष थोडक्यात असा: आवडनिवड आपली खाजगी वाटते, पण ती बरीचशी घर आणि शाळा पाहून ठरते, आणि मग तिचाच उपयोग माणसं वर-खाली लावायला होतो. याला ते सांस्कृतिक भांडवल म्हणतात. पैशासारखंच ते वारशाने मिळतं, फक्त कुठल्याही मृत्युपत्रात दिसत नाही. ड्रायव्हरला पैसे देऊन मार्टिनी विकत घेता येईल. ती घेण्याची पद्धत लहानपणी घरात पाहिलेली असावी लागते.

'पॅरासाइट'मध्ये तळघरात राहणारं एक गरीब कुटुंब खोटं बोलून श्रीमंत घरात नोकरीला लागतं. त्यांच्या अंगाचा वास हे या कुंपणाचं टोक आहे. कपडे बदलता येतात, इंग्रजी घोकता येतं, खोटी पदवी छापता येते. तळघराचा वास जात नाही. आणि तो आपल्याला येतो, हे मालक सभ्यपणे, नोकरांच्या माघारी बोलतात.

वस्तू सांभाळतात की वस्तूंना सांभाळायचं?

तरुण मार्क्सने १८४४ च्या टिपणांत 'परात्मता' मांडली. माणूस राबून जे घडवतो तेच त्याच्यासमोर परकी शक्ती म्हणून उभं राहतं. त्याने ती कामगाराबद्दल लिहिली. चित्रपटांनी तीच गोष्ट सुखवस्तू घरात नेली: कर्ज, गाडी, स्वयंपाकघरातली यंत्रं. घर माणसांसाठी की माणसं घरासाठी, हे कळेनासं होतं.

हानेकेचा पहिला चित्रपट 'द सेव्हन्थ कॉन्टिनेंट' (१९८९) एका प्रत्यक्ष बातमीवरून सुचला होता. नवरा, बायको, लहान मुलगी. १९८७, १९८८, १९८९ असे तीन भाग. सुरुवातीला गजर, चपला, दात घासणं, बुटाची नाडी, कॉफी, गाडीची किल्ली हे सगळं दिसतं, माणसांचे चेहरे कितीतरी वेळ दिसत नाहीत. फक्त हात आणि वस्तू. त्यांना कसलाही मोठा त्रास नाही. उलट नवऱ्याची नोकरीत प्रगती होते आहे. तिसऱ्या भागात ते नोकरी सोडतात, बँकेतून पैसे काढतात आणि घरातली एकेक वस्तू पद्धतशीरपणे फोडतात. कपडे फाडतात, फोटो फाडतात, माशांची टाकी फोडतात, नोटा संडासात टाकून पाणी ओढतात. मग तिघंही मरतात.

मानसशास्त्रीय कारण शोधायला जाल तर हात रिकामे राहतील. हानेकेने ते मुद्दाम दिलेलं नाही. स्वतःला एकच विचारावं: पाहताना सर्वांत जास्त अस्वस्थ केव्हा वाटलं? मुलीच्या वेळी, की नोटांच्या? बऱ्याच जणांना प्रामाणिक उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ हाच त्या प्रसंगाचा हेतू आहे.

हॉलिवूडही यात मागे नव्हतं, फक्त तिथे साखर लावलेली असे. डग्लस सर्कच्या 'ऑल दॅट हेवन अलाऊज' (१९५५) मध्ये विधवा आई एका माळ्याच्या प्रेमात पडते, मोठी झालेली मुलं लाजेने तिला अडवतात, आणि सोबत म्हणून टीव्ही भेट देतात. बंद पडद्यात तिला स्वतःचाच चेहरा दिसतो. एका दृश्यात सगळं आलं.

"पण ही माणसं वाईट कुठे आहेत?"

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वारच्या 'द रूल्स ऑफ द गेम' (१९३९) मध्ये आहे. रेन्वारने स्वतः केलेलं ऑक्टाव्हचं पात्र म्हणतं: या जगात भयंकर काय असेल, तर प्रत्येकापाशी स्वतःची कारणं असतात. खलनायक असता तर सोपं होतं. त्याला हाकललं की झालं. इथे एका श्रीमंताच्या हवेलीत जमलेले सगळे प्रेमळ, विनोदी, थोडे बावळट आहेत. तरी गोळी सुटते, माणूस मरतो, आणि यजमान शांतपणे ते 'दुर्दैवी अपघात' म्हणून जाहीर करतो. खेळाचे नियम वाचतात.

प्रेक्षकांना हे रुचलं नाही. जुलै १९३९ मध्ये चित्रपट आपटला, कापला गेला, आणि त्याच वर्षी युद्ध सुरू झाल्यावर मनोधैर्य खच्ची करणारा म्हणून त्यावर बंदी आली. विषारी पात्रं दाखवली असती तर बहुधा कोणी इतकं चिडलं नसतं.

"मग सभ्यता नकोच म्हणायचं का?"

बुन्युएलच्या 'द फँटम ऑफ लिबर्टी' (१९७४) मध्ये पाहुणे टेबलाभोवती कमोडवर बसून गप्पा मारतात. भूक लागली की हळूच विचारून एका छोट्या खोलीत जातात आणि दार लावून एकटे जेवतात. रीत उलटी केली तरी शिष्टाचार तितकाच कडक. म्हणजे रीत हवीच, पण तिच्यात निसर्गनियम असा काही नाही. इतकंच त्याचं म्हणणं.

चौकट मोडली की माणूस मोकळा होतो, हा समजही या चित्रपटांना मान्य नाही. इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीच्या 'तेओरेमा' (१९६८) मध्ये मिलानच्या एका कारखानदाराकडे अनोळखी तरुण येतो, घरातल्या प्रत्येकाशी त्याचे शरीरसंबंध येतात, आणि तो निघून जातो. मागे राहिलेली मुलगी निश्चल पडते, आई रस्त्यावर तरुण शोधत फिरते, बाप कारखाना कामगारांना देऊन रेल्वे स्टेशनवर कपडे उतरवतो आणि उजाड माळावर ओरडत चालू लागतो. फक्त मोलकरीण गावी परतते आणि चमत्कार करू लागते, कारण तिच्यापाशी श्रद्धेची भाषा शिल्लक होती. बाकीच्यांकडे चौकटीखेरीज काहीच नव्हतं. हे पटतंच असं नाही. गरिबाकडे आपोआप पावित्र्य असतं, ही पाझोलिनीची जुनी हौस आहे.

"टीका करणारेही त्याच वर्गातले ना?"

हो. बुन्युएल सुखवस्तू घरातला, रेन्वार नामांकित चित्रकाराचा मुलगा. 'डिस्क्रीट चार्म'ला परदेशी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ज्यांची टर उडवली त्यांनीच टाळ्या वाजवल्या. हा या साऱ्या प्रकाराचा खरा कच्चा दुवा आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. बूर्दियच्या भाषेत, असा चित्रपट आवडणं हेही सांस्कृतिक भांडवलच. मार्टिनी कशी घ्यावी हे माहीत असण्याच्या जागी बुन्युएल कसा पाहावा हे माहीत असणं आलं, इतकंच.

गोविंद निहलानींचा 'पार्टी' (१९८४), महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा, हा कच्चा दुवाच विषय म्हणून घेतो. एका नाटककाराच्या सत्काराला जमलेले लेखक-कलावंत रात्रभर अमृत या कवीबद्दल बोलत राहतात. तो आदिवासींमध्ये काम करायला निघून गेला आहे. त्याचं कौतुक आहे, हेवा आहे, राग आहे, आणि हातात ग्लास आहे. टीका ही गप्पांची चव वाढवणारी गोष्ट कशी होते, हे तिथे टीका करणाऱ्यांच्याच तोंडून ऐकू येतं.

"हे सगळे अर्थ आपणच लादतोय ना?"

काही प्रमाणात, होय. 'एक्स्टर्मिनेटिंग एंजल'ला शुद्ध तर्काच्या पातळीवर स्पष्टीकरण नाही, हेच त्याचं उत्तम स्पष्टीकरण, असं बुन्युएलने लिहून ठेवलंय. मेंढ्या म्हणजे भाविक, बंगल्यात दिसणारं अस्वल म्हणजे अमुक, असा कोडं सोडवण्याचा खेळ सुरू केला की चित्रपट हातचा जातो. प्रतीकापेक्षा यंत्रणा पाहावी: ही माणसं काय करतात, आणि काय करायचं टाळतात.

त्यासाठी डोळ्यांना थोडं काम द्यावं लागतं. पदार्थ कोण आणून ठेवतं आणि त्याचा चेहरा दिसतो का, याकडे लक्ष ठेवा. दारं मोजा, नोकरांचं दार वेगळं आहे का, मालक कुठल्या दाराने कधीच जात नाही. जेवण पूर्ण होतं का. वाईट बातमी आल्यावर पहिलं वाक्य काय निघतं: मेलेल्याबद्दल, की कोण पाहील त्याबद्दल. आणि कॅमेरा जास्त वेळ एका जागी थांबला तर फोन हातात घेऊ नका; 'काशे'ची सुरुवात अशीच आहे. रस्त्यापलीकडून दिसणारं घर, बराच वेळ काही घडत नाही, आणि मग चित्रावर रेषा येऊन ते भराभर धावू लागतं. आपण चित्रपट नाही, जॉर्जला आलेली कॅसेट पाहत होतो.

पहिल्यांदाच पाहणार असाल तर 'डिस्क्रीट चार्म'पासून सुरुवात करा, तो हसवतो. 'सेव्हन्थ कॉन्टिनेंट' मन जड असताना लावू नये. आणि 'काशे'चं शेवटचं दृश्य शाळेच्या पायऱ्यांचं आहे: मुलांची गर्दी, कॅमेरा दूर आणि स्थिर. पडद्याच्या डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्याकडे, दोन माणसं एकमेकांशी काहीतरी बोलतात. एक जॉर्जचा मुलगा, दुसरा त्या घालवून दिलेल्या मुलाचा. शब्द ऐकू येत नाहीत. श्रेयनामावली याच दृश्यावर सुरू होते, आणि ओटीटीवर नेमकं तेव्हाच चित्र लहान होऊन पुढच्या चित्रपटाची जाहिरात येते. ती बंद करा आणि कोपरा बघा.